'रेड बॅज ऑफ करेज' मधली खार, मुंग्या आणि लाल सूर्य: निसर्ग खरंच काही सांगतोय का?

सागरगोटा

स्टीफन क्रेनची 'द रेड बॅज ऑफ करेज' परत वाचून काढली आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे म्हणून हा धागा काढतेय. स्पॉयलर भरपूर आहेत, पण पुस्तक १८९५ चं आहे, आता कसले स्पॉयलर.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी पटकन: अमेरिकेतलं यादवी युद्ध, हेन्री फ्लेमिंग नावाचा शेतावरचा पोरगा आईच्या मनाविरुद्ध उत्तरेच्या सैन्यात भरती होतो, पहिल्या हल्ल्यात कसाबसा टिकतो, दुसऱ्यात बंदूक टाकून पळतो, जंगलात भटकतो, पुढे आपल्याच बाजूच्या एका पळणाऱ्या सैनिकाच्या बंदुकीचा दस्ता डोक्यात बसतो, ती खोक घेऊन पलटणीत परत येतो, सगळ्यांना वाटतं गोळी चाटून गेली, कोणी काही विचारत नाही आणि दुसऱ्या दिवशी हाच पोरगा जीव तोडून लढतो. लढाईचं नाव पुस्तकात कुठेही नाही पण ती मे १८६३ ची व्हर्जिनियातली चॅन्सेलर्सविलची लढाई आहे यावर बहुतेकांचं एकमत आहे.

आता मुद्दा. सातवं प्रकरण. हेन्री जंगलात शिरलाय, मागे तोफा चालू आहेत, आणि पळून आल्यावर त्याला कळलंय की आपली फळी टिकली, म्हणजे पळायची गरजच नव्हती! ही लाज जास्त. मग तो स्वतःच स्वतःचा वकील होतो. समोर एक खार दिसते, तिला तो पाइन कोन फेकून मारतो, खार घाबरून झाडावर पळते आणि फांदीआडून खाली बघते. झालं, साहेब खूष. हाच तर निसर्गाचा कायदा, धोका दिसला की पळायचं, खार काय छाती पुढे काढून उभी राहिली का, मग माझंच काय चुकलं. एवढं स्वतःला पटवून तो पुढे निघतो तर दलदलीत कुठलंसं छोटं जनावर काळ्या पाण्यात झेप घेतं आणि चकाकता मासा तोंडात धरून वर येतं. खार आणि हा मासा यात फार तर पानभर अंतर. क्रेन यावर एक शब्द बोलत नाही, आणि हेन्री, ज्याला खारीत अख्खं तत्त्वज्ञान सापडलं होतं, तो माशाबद्दल चकार शब्द न काढता पुढे चालायला लागतो.

आणि मग ती जागा. उंच फांद्यांची कमान होऊन चर्चच्या प्रार्थनाघरासारखी झालेली, पानांचे हिरवे दरवाजे, खाली पाइनच्या काड्यांचा तपकिरी गालिचा, देवघरात असतो तसा अर्धा उजेड. तो दरवाजा ढकलल्यासारखा आत जातो आणि समोर मेलेला माणूस, झाडाला पाठ टेकून बसलेला. एके काळी निळा असलेला गणवेश विटून हिरवट झालाय, डोळे मेलेल्या माशासारखे (हो, परत मासा), तोंड उघडं, आणि चेहऱ्यावर मुंग्या. त्यातली एक मुंगी वरच्या ओठावरून कसलंसं ओझं ओढत चाललीय. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं होतं.

माझं म्हणणं असं आहे की या पुस्तकात निसर्ग पूर्ण गप्प आहे. बडबडतोय तो हेन्री. घाबरला की निसर्ग त्याच्या बाजूचा, लाज वाटली की निसर्ग वैरी, कौतुक झालं की आभाळ सोन्याचं. पाचव्या प्रकरणाच्या शेवटी तो लढाईतून मान वर करून बघतो तर आकाश निळंशार आणि झाडांवर ऊन, आणि त्याला आश्चर्य वाटतं की एवढा हैदोस चालू असताना निसर्ग आपला निवांत कसा. माझ्या मते त्या क्षणी पोरगा सत्याच्या सगळ्यात जवळ असतो, आणि लगेच विसरतो.

आणि म्हणूनच जे समीक्षक हेन्रीचा सोबती जिम कॉन्क्लिन (तो नवव्या प्रकरणात जखमांनी मरतो) याला येशू आणि त्या वेळच्या लाल सूर्याला चर्चमधला प्रसाद करून टाकतात त्यांचं मला हसू येतं. तेही हेन्रीसारखे पाइन कोनच फेकतायत ना!

भेळपुरी

वाचतोय. तो सूर्य म्हणजे तेच ना 'वेफरसारखा चिकटवलेला'? एमेला असताना आमच्या वर्गात अर्ध्या लोकांच्या डोळ्यासमोर बटाट्याचा वेफर आला होता आणि कोणी कबूल करत नव्हतं.

वेताळटेकडी

सागरगोटा ताई, धागा मस्त पण शेवटचा पॅरा फार घाईचा झाला. नवव्या प्रकरणातल्या गोष्टी एका ओळीत मांडून बघा. ज्याच्या कुशीत येशूसारखी जखम आहे, हात रक्ताने माखलेला आहे, नावाची आद्याक्षरं जीझस क्राइस्टसारखी जे. सी. आहेत, जो कोणाला हात लावू न देता स्वतःच आपली मरायची जागा शोधत चालत जातो, आणि तो पडल्यावर हेन्री मूठ आवळून रणांगणाकडे वळतो तेव्हा आकाशात लाल वेफर. हे सगळं योगायोगाने एका प्रकरणात आलं? समीक्षक रॉबर्ट स्टॉलमनने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे मांडलं तेव्हा गदारोळ झाला हे खरं, पण तो काही वेडा नव्हता.

आणि क्रेन कोणाचा मुलगा? वडील जोनाथन टाउनली क्रेन मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) पाद्री, आई दारूबंदीच्या चळवळीत, आईच्या माहेरीही पाद्री. असल्या घरात वाढलेल्या माणसाच्या लेखणीतून कुशीतली जखम नकळत उतरते असं म्हणणं म्हणजे कीर्तनकाराच्या पोराला विठ्ठल माहीत नाही म्हणण्यासारखं आहे.

सुकेळी

आता वसईवाले बोलणार, सरका जरा.

वेताळटेकडी दादा, जन्म मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाण्यात गेला माझा त्यामुळे प्रसादाच्या बाबतीत बोलायचा थोडा हक्क आहे. पहिली गोष्ट, मिस्सात जी पातळ गोल चकती मिळते ती पांढरी असते, लाल नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती चकती आम्हा कॅथलिकांची. क्रेनचं घर मेथडिस्ट, तिथे प्रभुभोजनाला सहसा साधा पाव मोडतात. म्हणजे ज्या पोराने लहानपणी रविवारी घरच्या चर्चमध्ये ही चकती बघितलीच नसणार त्याला सूर्य बघून नेमकी तीच आठवेल? त्या काळात पत्रं बंद करायला पिठाची रंगीत चकती लावायचे, लाल रंगाची तर सर्रास, तिलाही वेफरच म्हणायचे आणि ती ओली करून चिकटवायची. क्रेनने सूर्य 'चिकटवलेला' म्हटलाय हे विसरू नका. प्रसाद कोणी चिकटवत नाही, टाळूला चिकटला तर गोष्ट वेगळी.

पण ताई, तुमच्याही बाजूने पूर्ण नाहीये मी. जिमच्या त्या चालण्याला क्रेन स्वतः विधीची उपमा देतो. सरळ लिहिलंय की त्या मरणाऱ्या माणसाच्या हालचालींत काहीतरी विधीसारखं होतं आणि तो कुठल्यातरी वेड्या, रक्तपिपासू, हाडं मोडणाऱ्या धर्माच्या भक्तासारखा दिसत होता. हे हेन्री मनात बोलत नाहीये, हा निवेदक आहे. म्हणजे धर्म आहे तिथे, फक्त तो आमचा नाही. तो युद्धाचा धर्म आहे. आधी एका ठिकाणी युद्धाला रक्ताने फुगलेला देव म्हटलंय ते आठवा. जिम त्या देवाला चढवलेला नैवेद्य आहे, आणि यात कोणाचंच तारण होत नाही. येशूच्या मरणाने जग वाचतं असं आम्ही मानतो. जिमच्या मरणाने कोण वाचलं? हेन्री त्यानंतर दोनच प्रकरणांच्या आत त्या फाटक्या जखमी शिपायाला शेतात एकटं भरकटत सोडून जातो, जो बिचारा स्वतः मरत असताना याचीच विचारपूस करत होता.

भेळपुरी

टाळूला चिकटला 😂 सुकेळी ताई रॉक्स

तळकोकणी

मी पुस्तक अर्धंच वाचलंय (आता पूर्ण करणार) पण ते खारीचं वाचून मला आमच्याकडचा कौल आठवला. देवाच्या मूर्तीला ओल्या कळ्या नाहीतर तांदूळ चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि अख्खं गाव श्वास रोखून बसतं. आता खरी गंमत, डावा कौल आला तरी माणसं ऐकतात का? परत गाऱ्हाणं, प्रश्न जरा फिरवून, जोपर्यंत उजवी पडत नाही तोपर्यंत. हेन्रीने खारीकडे कौल लावला, उजवा पडला, लगेच घेतला पदरात. माशाचा डावा कौल न विचारता आपोआप पडला तो त्याने बघितलाच नाही. पण आमच्याकडे निदान देवाला विचारायची रीत आहे आणि सगळ्या गावासमोर विचारतात, हा एकटाच जंगलात स्वतःच गुरव स्वतःच मानकरी.

सागरगोटा

@तळकोकणी स्वतःच गुरव स्वतःच मानकरी! हे मला सुचायला हवं होतं.

@सुकेळी तुमचा पत्राच्या चकतीचा मुद्दा पक्का. निवेदक आणि हेन्री यांतला फरकही बरोबर, पण क्रेनची गोची अशी आहे की त्याचा निवेदक सतत हेन्रीच्या खांद्यावर बसलेला असतो, कुठली उपमा कोणाची हे सुटं करता येत नाही. आठव्या प्रकरणाची सुरुवात घ्या. झाडं संध्याकाळचं स्तोत्र गायला लागतात, किडे मध्येच थांबतात, जणू चोची झुकवून प्रार्थना करतायत. किड्यांना चोची! हे कोण बोलतंय? नुकता त्या प्रेताकडून पळून आलेला, देवळाच्या शोधात असलेला पोरगाच बोलतोय ना. आणि पुढच्याच क्षणी लांबून लढाईचा लालभडक गडगडाट येतो आणि स्तोत्र बंद. प्रत्येक वेळी हेच. आधी देऊळ उभं राहतं, मग आत मुंग्या निघतात.

जिमबद्दल अजून एक. हा तुमचा येशू तिसऱ्या प्रकरणात सँडविच आणि जेवण इतकं चवीने, इतकं ध्यान लावून खातो की क्रेन म्हणतो याचा आत्मा अन्नाशी एकरूप झालाय. त्यात चर्चमधल्या प्रभुभोजनाची सरळसरळ टिंगल आहे असं मला वाटतं, बारीक पण आहे.

वेताळटेकडी

टिंगल करायलाही मूळ गोष्ट समोर असावी लागते! म्हणजे ख्रिस्ती प्रतीकं आहेत हे तुम्हीच सिद्ध केलंत. मी कुठे म्हणालो की क्रेन श्रद्धेने लिहितोय? वडलांचा धर्म त्याने सोडला होता हे मलाही माहीत आहे. पण सोडलेल्या धर्माची भांडीकुंडी घरात राहतातच. तो येशूची चौकट घेतो आणि आतून रिकामी करतो. जखम कुशीतच आहे, फक्त ती भाल्याची नाही तर लांडग्यांनी चावून काढल्यासारखी. मरताना बायबलमधल्यासारखा देवळाचा पडदा फाटत नाही, भूकंप होत नाही, सूर्य काळा पडत नाही, चिकटवलेला असतो तिथेच. हे वाचायला बायबल माहीत असणं गरजेचं आहे, नाहीतर काय हरवलंय तेच कळणार नाही.

सुकेळी

+१ हे पटलं. काय हरवलंय ते कळण्यासाठी. (पण स्टॉलमन असं म्हणत नव्हता हां, त्याला हेन्रीचं खरंखुरं तारण झालेलं दिसत होतं.)

परदेशी_पाखरू

उशिरा येतोय. मी व्हर्जिनियात राहतो, चॅन्सेलर्सविलचं रणांगण आता राष्ट्रीय उद्यानात आहे, पाहुणे आले की तिकडे चक्कर होते. इथली दोन-तीन माहिती या चर्चेला लागू पडेल.

ते जंगल मुळात देवाने केलेलं रान नाही. त्या भागाला 'वाइल्डरनेस' म्हणतात खरं, पण लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा लागायचा म्हणून जुनी मोठी झाडं आधीच तोडून झाली होती, १८६३ मध्ये जे होतं ते नंतर उगवलेलं दाट झुडूप, खुरटे ओक, पाइन, काटेरी वेली. आत शिरलं की वीस पावलांवरचं दिसत नाही, आजही काही पट्ट्यांत तसंच आहे. म्हणून हेन्रीला पूर्ण पुस्तकात लढाई कधी दिसतच नाही, धूर आणि आवाज फक्त. म्हणजे ज्याला तो निसर्गाचं देऊळ म्हणतो ते माणसाने भट्टीसाठी ओरबाडलेलं रान आहे. क्रेनला हे माहीत होतं की नाही यावर मी बोलणार नाही. लढाईनंतर साडेआठ वर्षांनी जन्मलेला माणूस, पुस्तक लिहीपर्यंत एकही युद्ध बघितलं नव्हतं, म्हाताऱ्या सैनिकांचं ऐकून आणि मासिकांतल्या आठवणी वाचून लिहिलं.

दुसरं, २ मेच्या संध्याकाळी दक्षिणेच्या स्टोनवॉल जॅक्सनने जंगलातून मोठा वळसा घालून उत्तरेच्या उजव्या बाजूवर हल्ला केला. उत्तरेचे सैनिक जेवण शिजवत होते आणि पहिला इशारा काय मिळाला तर जंगलातून हरणं आणि ससे उधळत बाहेर आले. लोक हसले, टाळ्या वाजवल्या म्हणे. त्यांच्या मागून हजारो बंदुका आल्या. आता सांगा निसर्ग गप्प असतो का? ताई, त्या दिवशी तो अगदी स्पष्ट बोलत होता, आणि ऐकणाऱ्यांना वाटलं रात्रीच्या जेवणाला मटण आलं.

तिसरं, त्याच झुडपांना तोफांमुळे आगी लागल्या आणि हलता न येणारे जखमी त्यात जळाले. आणि चौथं म्हणजे जॅक्सन स्वतः कट्टर धार्मिक, त्याच रात्री अंधारात स्वतःच्याच माणसांच्या गोळ्या लागल्या, हात कापावा लागला, १० मेला न्यूमोनियाने गेला. शेवटचे शब्द इथे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतात, नदी ओलांडून पलीकडे जाऊ आणि झाडांच्या सावलीत विसावू. ज्या झाडांनी आदल्या आठवड्यात माणसं जाळली होती. क्रेनने हे कल्पनेने रचलं असतं तर लोक म्हणाले असते फारच ठरवून लिहिलंय.

सागरगोटा

@परदेशी_पाखरू हरणांचं माहीत नव्हतं, कमाल आहे. पण माझ्या मुद्द्याला धक्का लागत नाही, उलट आधार मिळतो 😀 हरणं काही सांगायला आली नव्हती हो, ती जीव वाचवायला पळत होती. अर्थ काढायचं काम शिपायांचं होतं आणि त्यांनी हेन्रीसारखाच सोयीचा काढला.

तळकोकणी

रात्रभर बसून संपवलं. शेवट मात्र खटकला मला. इतकं सगळं करून शेवटच्या ओळीत नदीवर, शिशाच्या रंगाच्या पावसाळी ढगांतून सोन्याचा किरण? हे तर अगदी कॅलेंडरवरचं चित्र झालं.

वेताळटेकडी

त्या ओळीवर पानंच्या पानं लिहिली गेलीत. एक गट म्हणतो पोरगा माणूस झाला त्याची ही पावती. दुसरा म्हणतो क्रेन थट्टा करतोय. पाखरूने इतिहास काढलाच आहे तर हेही लक्षात घ्या की खऱ्या लढाईत उत्तरेचा सेनापती हूकर याचं सैन्य हरून ६ मेला पावसातच नदी पलीकडे परतलं होतं. दक्षिणेच्या रॉबर्ट लीकडे त्याच्या जवळजवळ निम्मं सैन्य होतं तरी. म्हणजे हेन्री ज्या चिखलात स्वतःला मर्द समजत चाललाय ती माघार आहे. त्याला शांत, कोवळ्या आकाशाची आणि गार ओढ्यांची स्वप्नं पडतायत आणि आजूबाजूचे शिव्या घालत चिखल तुडवतायत.

सागरगोटा

म्हणूनच मला तो किरणही उजवा कौलच वाटतो. मनाला दोन गोष्टी टोचतायत, पळालो ते आणि त्या फाटक्या शिपायाला सोडलं ते. त्यातली पहिली तो घडी करून ठेवून देतो, दुसरी मात्र भुतासारखी मागे लागते, तीही कशीबशी लांब ढकलतो, आणि नेमका तेव्हाच किरण पडतो. वेळ बघा ना! आणि मधल्या काळात त्याने देव पण बदललाय. एकोणिसाव्या प्रकरणात हल्ला करताना झेंडा त्याला तेजस्वी देवी दिसतो, लाल-पांढरी स्त्री, बोलावणारी, आणि याला वाटतं तिला काही होऊच शकत नाही. पाइनच्या देवळात देव मिळाला नाही तो इथे कापडात मिळाला. ज्याच्या हातात झेंडा होता तो शिपाई मेलेला असतो आणि त्याच्या मुठीतून काठी अक्षरशः खेचून काढावी लागते, ते आपल्या देवीभक्ताला खटकत नाही.

सुकेळी

मग 'द व्हेटरन' चं काय करायचं? क्रेननेच १८९६ मध्ये लिहिलेली कथा, हेन्री म्हातारा झालाय. दुकानात बसून सगळ्यांदेखत सांगतो की हो, चॅन्सेलर्सविलला मी घाबरून पळालो होतो. नातू ऐकून हिरमुसतो. नातवाचं नाव जिम, हे विशेष. त्याच रात्री दारू प्यालेल्या गड्याच्या हातून कंदील पडून गोठा पेटतो, म्हातारा घोडे काढतो, गाई काढतो, मग गड्याला आठवतं की दोन शिंगरं आतच राहिली. सगळे सांगतात जाऊ नको, मरशील. हा जातो आणि छप्पर कोसळतं. आणि शेवटी धुराचा लोट आकाशात चढतो, जणू म्हाताऱ्याचा आत्मा शरीराच्या छोट्या बाटलीतून सुटून फुगत चाललाय, ज्वाळांमुळे गुलाबी झालेला. इथे हेन्री मेलेला आहे ताई. अर्थ काढायला तो नाहीच. मग हा आत्मा कोणी बघितला? इथे क्रेनच पाइन कोन फेकतोय की.

वेताळटेकडी

हाहा, आता द्या उत्तर.

सागरगोटा

देते की. त्या कथेत धुराआधी काय होतं ते बघा. म्हातारा आकाशाकडे बघत नाही, खार शोधत नाही, झाडांना विचारत नाही. 'बिचारी शिंगरं' एवढंच पुटपुटतो आणि आत शिरतो. कादंबरीभर जो माणूस प्रत्येक पानावर खूण शोधत होता त्याला इथे एकही खूण लागत नाही. धूर नंतरचा आहे, तो मागे राहिलेल्यांसाठी आहे, आणि तिथेही क्रेन देवदूत आणत नाही, गोष्टीतला बाटलीतला राक्षस आणतो. पाद्र्याच्या मुलाने मेलेल्या माणसाच्या आत्म्याला दिलेली ही उपमा! यावर सुकेळी ताई तुम्हीच बोला, तुमचा अधिकार.

सुकेळी

आमच्या फादरना चालणार नाही एवढं नक्की. बाकी 'बिचारी शिंगरं' चा मुद्दा तुमचा, मी गप्प बसते उद्यापर्यंत.

तळकोकणी

ही 'व्हेटरन' कुठे वाचायला मिळेल? विकत घ्यावी लागेल का?

वेताळटेकडी

नाही रे, कॉपीराइट कधीच संपलाय. 'द लिटल रेजिमेंट' नावाच्या त्याच्या कथासंग्रहात आहे, नेटवर फुकट मिळतो. दहा मिनिटांची कथा आहे, वाचून ये आणि मग त्या धुरावर तुझा कौल सांग.